एकमेकांवर चढलेल्या वेळांचे गट कसे करायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालमीसाठी खोल्या भाड्याने देणाऱ्या एका छोट्या वास्तूचा बुकिंगचा प्रोग्रॅम मी लिहिला, आणि अजूनही निस्तरतो आहे. तीन खोल्या, एक फाटक, एक वॉचमन. रोज रात्री प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशीचा कागद छापतो: फाटक कधी उघडायचं आणि कधी लावायचं. खालची बहुतेक उत्तरं त्या कागदापायी शिकलेली आहेत. उदाहरणाला सगळीकडे हाच एक दिवस घेतला आहे:

क. योगवर्ग, ०९:०० ते १०:३०
ख. कथक, १०:०० ते ११:१५
ग. बालनाट्य, ११:१५ ते १२:००
घ. एकांकिकेची तालीम, १३:०० ते १८:००
च. तबला, १३:३० ते १४:३०
छ. भजनी मंडळ, १७:०० ते १९:००
ज. गाण्याचा क्लास, १९:३० ते २१:००

गट करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

ज्या बुकिंगांच्या वेळा एकमेकांवर चढतात ती एका गटात घालायची आणि गटाची सुरुवात नि शेवट काढायचा. वरच्या दिवसाचं उत्तर असं येतं: ०९:०० ते १२:००, १३:०० ते १९:०० आणि १९:३० ते २१:००. (११:१५ ला ख आणि ग नुसती शिवतात, फाटकासाठी तेही चढणं धरलं आहे; का, ते पुढे येतं.) वॉचमनला एवढंच हवं असतं. आत योग चाललाय की तबला, याच्याशी फाटकाला देणंघेणं नाही.

सगळ्या बुकिंगांच्या तासांची बेरीज १३ येते, पण फाटक साडेदहा तासच उघडं असतं. मधले अडीच तास दोनदा मोजले गेलेले असतात. वॉचमनचा पगार किंवा जिन्यातल्या दिव्यांचं बिल बुकिंगांच्या बेरजेवर काढणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

दोन वेळा एकमेकांवर चढतात की नाही, हे कसं तपासायचं?

पहिली सुरू होण्याची वेळ दुसरी संपण्याच्या आधी असली पाहिजे, आणि दुसरी सुरू होण्याची वेळ पहिली संपण्याच्या आधी. दोन तुलना, संपलं. नवीन माणूस इथे हमखास चार-पाच 'जर' लिहितो: एक दुसऱ्याच्या पोटात आहे का, डावीकडून घुसतंय का, उजवीकडून घुसतंय का. कागदावर दोन रेघा ओढून उलटा विचार करा. त्या कधी चढत नाहीत? एक संपल्यावरच दुसरी सुरू होते तेव्हा. बाकी सगळ्या वेळी चढतात.

मग प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर काय बिघडलं?

सात बुकिंगांना काहीच बिघडत नाही, एकवीस तुलना होतात. पण हीच रीत एक लाख नोंदींवर चालवली तर जवळजवळ ५०० कोटी तुलना होतील. आधी सॉर्ट करून, म्हणजे क्रमाने लावून घेतलं तर त्याच कामाला साधारण १७ लाख तुलना आणि वर एक फेरी एवढंच लागतं. पहिल्या रीतीत चहा पिऊन यावं लागतं, दुसरीत कप उचलायच्या आत उत्तर येतं.

ती जलद रीत नेमकी काय आहे?

सुरुवातीच्या वेळेनुसार लावायचं आणि डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जायचं.

बुकिंगं सुरुवातीच्या वेळेनुसार सॉर्ट कर
गट = रिकामी यादी
प्रत्येक बुकिंगसाठी:
    जर एखादा गट असेल आणि बुकिंग.सुरू <= शेवटचा_गट.शेवट:
        शेवटचा_गट.शेवट = कमाल(शेवटचा_गट.शेवट, बुकिंग.शेवट)
        बुकिंग शेवटच्या गटात घाल
    नाहीतर:
        या बुकिंगचा नवा गट उघड

सॉर्टमुळे एक गोष्ट पक्की होते. पुढचं बुकिंग शेवटच्या गटाला शिवत नसेल तर त्याच्या मागची सगळी त्याहून उशिरा सुरू होतात, त्यामुळे तीही शिवणार नाहीत. म्हणून गट बंद झाला की परत मागे वळून बघावं लागत नाही.

त्या 'कमाल'ची खरंच गरज आहे का? शेवट सरळ नव्या बुकिंगचा ठेवला तर?

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या आवृत्तीत मी गटाचा शेवट म्हणून शेवटी आलेल्या बुकिंगचा शेवट ठेवला होता. सकाळच्या बुकिंगांवर ते छान चाललं, कारण तिथे उशिरा येणारा उशिराच जातो. दुपारी मात्र एक ते सहा अशी एकांकिकेची लांबलचक तालीम होती आणि तिच्या पोटात दीड ते अडीच तबला. प्रोग्रॅमने एकचा गट उघडला, तबला त्यात घातला आणि गटाचा शेवट सहावरून अडीचवर ओढून आणला. पुढे पाचचं भजनी मंडळ आलं. पाच हे अडीचनंतरचं, म्हणून त्याला वेगळा गट. कागदावर छापून आलं: एक ते अडीच, मग पाच ते सात.

पावणेतीनला वॉचमनकाकांचा फोन. "साहेब, कुलूप लावून जेवायला बसलोय, तर आतून कोण दार बडवतंय?"

मी म्हटलं, "काका, आत तालीम चाललीय ना!"

"तुमच्या कागदावर तर अडीचला बंद लिहिलंय."

कागद त्यांचा नव्हता, माझा होता. सात बुकिंगांच्या यादीत 'घ'च्या पोटात 'च' मी मुद्दाम ठेवलं आहे. तुमचा कोड कुठल्याही भाषेत असो, ही यादी त्याला खायला घाला. १४:३० ला गट तुटला तर 'कमाल' राहिलंय असं समजा.

योगवर्ग आणि बालनाट्य एकमेकांवर चढतच नाहीत. मग ती एका गटात कशी?

मधल्या कथकमुळे. योगवर्ग कथकवर चढतो आणि कथक बालनाट्याला शिवतं, अशी साखळी होते. गणिताच्या भाषेत प्रत्येक बुकिंग हा एक बिंदू आणि चढणाऱ्या दोघांमध्ये एक रेघ. असे रेघांनी जोडलेले पुंजके म्हणजे आपले गट. अशा आलेखाला इंटरव्हल ग्राफ म्हणतात.

साखळी तुम्हाला हवी आहे की नाही, हे आधी ठरवा. फाटकाला ती हवी असते. पण 'एकाच वेळी आत असलेली मंडळी' शोधायची असतील तर साखळी फसवते, कारण योगवाले आणि बालनाट्यवाले एकमेकांना जिन्यातही भेटत नाहीत. तिथे सगळ्यांना मिळून एक तरी सामाईक क्षण आहे का, हे बघावं लागतं. वेळ एकाच रेषेवर धावते, त्यामुळे एक सोय फुकट मिळते: काही बुकिंगं दोन-दोन करून एकमेकांवर चढत असतील, तर त्या सगळ्यांना मिळून एक सामाईक क्षण असतोच.

११:१५ ला एक संपतं आणि ११:१५ लाच दुसरं सुरू होतं. हे चढणं धरायचं का?

याचं उत्तर अल्गोरिदमकडे नसतं, ते तुमच्या कामावर ठरतं. फाटकासाठी धरायचं, कारण शून्य मिनिटांकरता कुणी कुलूप लावत नाही. खोलीसाठी धरायचं नाही, नाहीतर सव्वाअकराला मोकळी होणारी खोली सव्वाअकराला कुणालाच देता येणार नाही.

कोडमध्ये हा फरक एका बरोबरच्या चिन्हाचा आहे, <= की <. माझा सल्ला: साठवताना सुरुवात धरलेली आणि शेवट वगळलेला, असा अर्धखुला कालखंड ठेवा. योगवर्ग नऊच्या ठोक्याला आत आहे, साडेदहाच्या ठोक्याला नाही. यात वजाबाकी केली की लांबी थेट मिळते, आणि लागून असलेले दोन कालखंड फट न पडता, एकमेकांत न घुसता जुळतात. पूर्णांकांच्या पट्ट्यांसाठी हाच युक्तिवाद संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली केला होता. '१०:२९:५९ ला संपतं' अशा नोंदी ठेवणारे डेटाबेस मी पाहिले आहेत. त्यांच्यात एक सेकंदाच्या फटी शोधत बसण्यात माझे काही रविवार गेले आहेत.

मध्ये थोडी फट असली तरी एकच गट धरायचा असेल तर?

अटीत फट मिळवा: बुकिंग.सुरू <= शेवटचा_गट.शेवट + फट. अर्ध्या तासाची फट दिली तर सात ते साडेसातमधली मोकळी जागा बुजते आणि संध्याकाळ १३:०० ते २१:०० अशी सलग होते. बारा ते एकची सुट्टी तासाभराची असल्यामुळे तशीच राहते. वॉचमनकाकांना सातला लावून साडेसातला परत उघडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर ही फट आली.

याहून जलद काही आहे का? सॉर्टशिवाय जमेल?

फक्त तुलना करूनच चालायचं असेल तर एन लॉग एनच्या खाली जाता येत नाही (एन म्हणजे नोंदींची संख्या; लाख नोंदींचा वरचा १७ लाखांचा आकडा याच हिशेबाचा). कारण असं: कुणी तुम्हाला आकड्यांची यादी दिली आणि विचारलं, यात एखादा आकडा दोनदा आलाय का? प्रत्येक आकड्याला शून्य लांबीचं बुकिंग समजा, शिवणं म्हणजे चढणं धरा आणि गट करा. कुठल्या गटात दोघं आले तर आकडा दुबार आहे. म्हणजे गट करणं जलद झालं असतं तर दुबार आकडा शोधणंही तितकंच जलद झालं असतं, आणि ते तुलनांनी एन लॉग एनपेक्षा कमीत होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

पण आपल्या वेळा म्हणजे वाटेल ते आकडे नाहीत. दिवसात १४४० मिनिटं. तेवढ्या घरांचा ॲरे घ्या. प्रत्येक बुकिंगच्या सुरुवातीच्या घरात एक मिळवा, शेवटच्या घरातून एक वजा करा आणि मग डावीकडून बेरीज करत चला. बेरीज शून्याच्या वर असेल तोवर फाटक उघडं. सॉर्टची गरजच नाही. (मध्यरात्री संपणाऱ्या बुकिंगसाठी एक घर जास्तीचं ठेवा, नाहीतर ॲरेच्या बाहेर जाल.) या रीतीत सव्वाअकराला वजा एक आणि अधिक एक एकाच घरात पडून कटतात, त्यामुळे लागून असलेली बुकिंगं आपोआप जोडली जातात. ती वेगळी ठेवायची असतील तर ही रीत कामाची नाही.

आणखी एक: नोंदी बऱ्याचदा वेळेच्या क्रमानेच आलेल्या असतात. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी लिहिलेला टिमसॉर्ट आधीच लागलेले तुकडे ओळखतो आणि पूर्ण लागलेल्या यादीवर एका फेरीत मोकळा होतो. तेव्हा 'सॉर्टचा खर्च' म्हणून घाबरण्याआधी मोजून बघा.

शेवटच्या वेळेनुसार सॉर्ट केलं तर चालेल का?

चालेल, पण मग मागून पुढे यायचं आणि किमान सुरुवात सांभाळायची. आरशातला हाच अल्गोरिदम. शेवटानुसार लावून पुढे चालत गेलात तर गोची होते: अडीचला संपणारा तबला आधी येतो, सहाला संपणारी तालीम नंतर, आणि नंतर आलेलं एखादं लांबलचक बुकिंग मागचे दोन-तीन बंद गट एकदम गिळू शकतं. स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी चळत) वापरून तेही सोडवता येतं. सरळ रस्ता असताना कशाला!

गटात तीन बुकिंगं आहेत म्हणजे तीन खोल्या लागतील ना?

नाही. हा प्रश्न मला व्यवस्थापकांनी विचारला होता, आणि तिसऱ्या खोलीचं भाडं वाचेल का हा त्यांचा खरा सवाल होता. दुपारच्या गटात घ, च आणि छ अशी तिघं आहेत, पण तबला अडीचला संपतो आणि भजन पाचला सुरू होतं. एका क्षणी दोनच खोल्या भरलेल्या असतात. तबल्याची खोली भजनाला द्या. आपल्या यादीत दिवसभर तिसरी खोली रिकामीच आहे.

लागणाऱ्या खोल्यांची संख्या म्हणजे कुठल्याही एका क्षणी चाललेल्या बुकिंगांची कमाल संख्या. स्टेशनावर किती फलाट हवेत, हेही असंच निघतं. सगळ्या सुरुवाती आणि सगळे शेवट एकाच यादीत लावा, सुरुवातीला एक मिळवा, शेवटाला एक वजा करा आणि सर्वांत मोठा आकडा टिपून ठेवा. एकाच वेळी शेवट आणि सुरुवात आली तर आधी शेवट घ्या, नाहीतर सव्वाअकराला उगाच एक खोली जास्त दिसेल. कुणाला कुठली खोली हेही हवं असेल तर सुरुवातीनुसार चालत जा आणि सर्वांत लवकर मोकळी होणारी खोली हीपमध्ये (सर्वांत लहान आकडा कायम वर ठेवणाऱ्या रचनेत) वर ठेवा. ती मोकळी झाली असेल तर तीच द्या, नसेल तर नवी उघडा.

आणि चहावाला किती वेळा आला तर सगळ्यांना एकदा तरी चहा मिळेल?

विषयांतर आहे, पण आवडतं आहे. इथे सॉर्ट शेवटानुसार करायचा. सर्वांत आधी संपणाऱ्या बुकिंगची शेवटची पाच मिनिटं उरली की चहा पाठवा, त्या क्षणी आत असलेल्या सगळ्यांवर काट मारा आणि उरलेल्यांसाठी तेच परत करा. आपल्या यादीत १०:२५ (योग आणि कथक), ११:५५ (बालनाट्य), १४:२५ (तबला आणि एकांकिका), १८:५५ (भजन) आणि २०:५५ (गाणं), अशा पाच फेऱ्या होतात. चारमध्ये भागणार नाही, कारण क, ग, च, छ, ज ही पाच बुकिंगं एकमेकांवर अजिबात चढत नाहीत. प्रत्येकाला आपली वेगळी फेरी लागणारच.

नवीन बुकिंग येत राहतात. दर वेळी सगळं परत चालवायचं का?

दिवसाला शंभरेक बुकिंगं असतील तर खुशाल परत चालवा. जास्त असतील तर गट सुरुवातीनुसार लावलेल्या यादीत ठेवा, बायनरी सर्चने (दर वेळी यादी अर्धी करत) नव्या बुकिंगची जागा शोधा आणि ते ज्या ज्या गटांना शिवतं ते त्यात विरघळवा. एक गट एकदाच विरघळतो, त्यामुळे एकूण खर्च आटोक्यात राहतो.

रद्द होणं मात्र अवघड आहे. कथक रद्द झालं तर सकाळचा गट दोन तुकड्यांत फुटतो, आणि नुसता '०९:०० ते १२:००' एवढाच आकडा ठेवला असेल तर तो कुठे फोडायचा हे कळायला मार्ग नाही. मूळ बुकिंगं कधीही टाकून देऊ नका. मी तेवढ्या गटातल्या बुकिंगांवर लूप परत चालवतो.

हे डेटाबेसमध्येच करता येईल का?

येईल. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा; एसक्यूएलवाले याला 'गॅप्स अँड आयलंड्स' म्हणतात. ओळी सुरुवातीनुसार लावून विंडो फंक्शनने (आजूबाजूच्या ओळी बघून हिशेब करणाऱ्या फंक्शनने) प्रत्येक ओळीसाठी तिच्या आधीच्या सगळ्या ओळींमधला कमाल शेवट काढा. सुरुवात त्याहून नंतरची असेल तर तिथे १ लिहा, नसेल तर ०. या आकड्यांची धावती बेरीज म्हणजे गटक्रमांक. नेटवर सापडणाऱ्या कित्येक क्वेऱ्या लॅग हे फंक्शन वापरून फक्त लगतच्या ओळीचा शेवट बघतात. म्हणजे वॉचमनकाकांचं कुलूप परत लागलंच.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.२ या आवृत्तीपासून (२०१२) रेंज हा डेटाप्रकार आहे आणि १४ पासून (२०२१) मल्टिरेंज. त्यातलं रेंज_ॲग फंक्शन चढलेले आणि लागून असलेले कालखंड स्वतःच जोडून देतं. एकाच खोलीत दोन बुकिंगं चढूच द्यायची नसतील तर तिथे एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे चढणारी नोंद डेटाबेसच नाकारतो. ॲपमध्ये तपासून मग नोंद घालण्यात धोका असतो: दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं की दोघांनाही खोली मोकळी दिसते.

कोड बरोबर आहे, तरी उत्तर चुकतंय. कुठे बघू?

आधी वेळ मजकूर म्हणून साठवलेली नाही ना, ते बघा. मजकूर म्हणून लावलं तर '१०:००' हे '९:००'च्या आधी येतं, कारण तुलना पहिल्या अक्षराची होते. शून्य लावून '०९:००' लिहिलं तर निभावतं, पण वेळ म्हणूनच साठवणं बरं.

मग मध्यरात्र. स्पर्धा जवळ आल्या की तालमी रात्री दहा ते दीड चालतात, आणि नुसती वेळ ठेवली तर शेवट सुरुवातीच्या आधी पडतो. तारीख आणि वेळ एकत्र ठेवा. शेवट सुरुवातीआधीचा असेल अशी नोंद आत येतानाच अडवा.

भारतात घड्याळ पुढेमागे करायची भानगड नाही, त्यामुळे आपण निवांत असतो. पण इथला गाण्याचा क्लास न्यू जर्सीतली मुलं ऑनलाइन करतात, आणि तिथे शरद ऋतूत एका रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. यूटीसीत (जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत) साठवा, दाखवताना स्थानिक करा. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. फरक पूर्ण तासांचाच असतो असं धरून लिहिलेला कोड इथे अर्ध्या तासाने मार खातो.

एवढं करूनही खात्री नसेल तर १४४० घरांचा ॲरे बाहेर काढा. हजार वेळा यादृच्छिक बुकिंगं बनवा, दोन्ही रीतींनी फाटकाच्या वेळा काढा आणि जुळवून बघा. शिवणं जोडायचं असेल तर दोन्ही उत्तरं तंतोतंत सारखी यायला हवीत. पोटातल्या बुकिंगचा बग मी असा शोधला असता तर पहिल्या दहा फेऱ्यांतच दिसला असता.

बुकिंग सोडून हे आणखी कुठे लागतं?

सीसीटीव्हीच्या तुकड्यांतून एक सलग घटना जोडणं, सर्व्हर एकूण किती वेळ बंद होता ते काढणं, जनुकांच्या पट्ट्या जुळवणं. शेवटच्याला इतिहास आहे. सेमूर बेन्झर यांनी १९५९ साली टी४ नावाच्या जिवाणूभक्षक विषाणूच्या जनुकातले तुटलेले भाग एकमेकांवर चढतात का, हे प्रयोगांनी तपासलं. प्रश्न असा होता: कोण कोणावर चढतं एवढीच माहिती असताना हे सगळे तुकडे एका सरळ रेषेवर मांडता येतात का? मांडता आले. जनुकाची आतली रचना रेषेसारखी आहे, या म्हणण्याला त्यातून जोरदार आधार मिळाला. आपल्याकडे वेळा आधीच हातात असतात, म्हणून काम सोपं. त्यांच्याकडे फक्त चढणं होतं, आणि त्यावरून त्यांनी रेषा शोधली.